सोळाशे मीटर नेमके किती? धावपटूंच्या मदतीला संकेतस्थळे

पहाटे पाचच्या सुमारास सेलू शहरातून पाथरी किंवा जिंतूरच्या दिशेने बाहेर पडावे, तर अंधारात धावणाऱ्या तरुणांचे लहान-मोठे गट भेटतात. कोणी पोलीस भरतीची तयारी करीत असतो, कोणी सैन्यभरतीची. त्यांच्या मागून, जरा संथ गतीने, रक्तातील साखर आटोक्यात ठेवण्यासाठी निघालेले शिक्षक आणि व्यापारीही दिसतात. पण खरी घाई असते ती तरुणांना. कापूस आणि सोयाबीनच्या भरवशावर उभ्या असलेल्या कोरडवाहू शेतीत प्रत्येक भावाच्या वाट्याला येणारी जमीन कमी होत चालली आहे. अशा घरातील मुलामुलीच्या दृष्टीने धावणे ही हौस नव्हे. ती नोकरीच्या दाराची पहिली पायरी आहे.

या पायरीची उंची सेकंदांत मोजली जाते. महाराष्ट्र पोलीस दलातील शिपाई पदाच्या गेल्या काही भरत्यांमध्ये शारीरिक चाचणीला ५० गुण होते. त्यांपैकी २० गुण एकट्या लांब पल्ल्याच्या धावण्याला, म्हणजे पुरुषांसाठी १६०० मीटर आणि महिलांसाठी ८०० मीटर शर्यतीला होते. उरलेले गुण १०० मीटर धावणे आणि गोळाफेक यांना प्रत्येकी १५ असे विभागलेले होते. पुरुषांनी १६०० मीटर ५ मिनिटे १० सेकंदांत आणि महिलांनी ८०० मीटर २ मिनिटे ५० सेकंदांत पूर्ण केल्यास पूर्ण २० गुण मिळतात. अग्निवीर भरतीच्या मेळाव्यात १.६ किलोमीटर ५ मिनिटे ३० सेकंदांच्या आत धावणाऱ्याला ६० गुण दिले जातात. निकष वेळोवेळी बदलतात. म्हणून ते मित्राच्या तोंडून ऐकण्याऐवजी महाराष्ट्र पोलिसांच्या आणि 'जॉइन इंडियन आर्मी' या अधिकृत संकेतस्थळांवरील जाहिरातीत स्वतः वाचणे, हा इंटरनेटचा धावपटूसाठी पहिला आणि सर्वांत साधा उपयोग होय.

परंतु निकष समजला तरी एक प्रश्न उरतोच. रोज पहाटे ज्या अंतरावर वेळ लावली जाते, ते अंतर खरोखर सोळाशे मीटर असते काय?

अंतराचा हिशेब

तालुक्याच्या गावी बहुधा 'त्या पुलापासून त्या पेट्रोल पंपापर्यंत' असे अंतर ठरलेले असते. ते कोणी तरी कधी तरी दुचाकीच्या मीटरवर मोजलेले असते. दुचाकीचा मीटर मात्र शंभर मीटरच्या टप्प्यांनी पुढे सरकतो. टायरची झीज आणि हवेचा दाब यांनीही त्यात फरक पडतो. रस्त्याचे रुंदीकरण झाले, की किलोमीटरचे दगडही आपल्या मूळ जागी राहतातच असे नाही.

या चुकीची किंमत किती, हे एका हिशेबावरून कळते. समजा, सोळाशे मीटर म्हणून धरलेला रस्ता प्रत्यक्षात १५५० मीटरच आहे आणि एखादा तरुण तो बरोबर ५ मिनिटे १० सेकंदांत धावतो. पूर्ण गुण मिळणार, असे त्याला वाटते. प्रत्यक्षात त्याचा वेग १०० मीटरला २० सेकंद असतो आणि त्या वेगाने खऱ्या १६०० मीटरला त्याला ५ मिनिटे २० सेकंद लागतील. पन्नास मीटरच्या चुकीने दहा सेकंद गेले आणि पूर्ण गुणांची पायरी निसटली. हे त्याला कळते ते थेट भरतीच्या मैदानावर, जेव्हा दुरुस्तीला वेळ उरलेला नसतो.

उलट प्रकारही घडतो. शाळेच्या मैदानावर चुन्याने २०० मीटरचा गोल आखलेला असतो. मोजमाप रेषेवरचे असते, पण धावणारा गर्दी टाळण्यासाठी रेषेच्या एक मीटर बाहेरून धावतो. वर्तुळाच्या साध्या गणिताने प्रत्येक फेरीला सव्वासहा मीटर वाढतात; आठ फेऱ्यांत ५० मीटर. म्हणजे पुन्हा सुमारे दहा सेकंदांचा फरक, या वेळी त्याच्याविरुद्ध. तयारी चांगली असूनही 'आपल्याला जमत नाही' असे समजून खचून जाणारी मुले यातूनच निर्माण होतात. नियमानुसार आखलेल्या ४०० मीटरच्या ट्रॅकवरही पहिली मार्गिकाच तेवढी ४०० मीटरची असते. दुसऱ्या मार्गिकेतील एक फेरी सुमारे ४०७ मीटरची, तर आठवीतील सुमारे ४५३ मीटरची भरते.

यावरचा उपाय फुकट आणि हाताशी आहे. संगणकावर गुगल मॅप्स उघडून उपग्रह छायाचित्राचा पर्याय निवडावा, प्रारंभाच्या ठिकाणी माऊसची उजवी कळ दाबावी आणि अंतर मोजण्याचा पर्याय घ्यावा. मग रस्त्याच्या वळणांनुसार एकेक बिंदू टाकत गेल्यास एकूण अंतर खाली दिसते. मोबाइलवर एखाद्या जागी बोट दाबून धरले असता हाच पर्याय मिळतो. गुगल अर्थमधील मोजपट्टीही असेच काम करते. 'ऑन द गो मॅप' आणि 'प्लॉट अ रूट' ही संकेतस्थळे खास धावणाऱ्यांसाठी आणि सायकलस्वारांसाठी आहेत. त्यांत दोन बिंदू दिले, की रेघ आपोआप रस्त्याला धरून आखली जाते आणि चढ-उतारही समजतात. सरळ, बिनरहदारीचा, शक्यतो सपाट असा टप्पा निवडून त्यावर प्रारंभ, ४००, ८००, १२०० आणि १६०० मीटरच्या खुणा झाडावर किंवा मोरीच्या कठड्यावर रंगाने कराव्यात. पहिले शंभर मीटर पोलादी टेपने एकदा पडताळून घेतले, तर शंकेला जागा राहत नाही.

नकाशावर गाव शोधताना एक सावधगिरी हवी. सेलू नावाचे दुसरे तालुक्याचे गाव वर्धा जिल्ह्यात आहे आणि रोमन लिपीत दोन्ही नावांची अक्षरे निरनिराळ्या प्रकारे लिहिली जातात. नकाशा किंवा हवामान पाहताना जिल्हा परभणीच आहे ना, हे तपासावे. अन्यथा पाऊस तिकडचा आणि धावणे इकडचे, असा प्रकार व्हायचा.

मोबाइल किती खरे बोलतो?

स्ट्राव्हा, नायकी रन क्लब, रनकीपर, मॅप माय रन यांसारखी अ‍ॅप्स आता खेड्यापाड्यांतील तरुणांच्या मोबाइलवरही दिसू लागली आहेत. अंतर, वेळ, दर किलोमीटरचा वेग आणि मार्गाचा नकाशा या गोष्टी त्यांत पैसे न भरता मिळतात. उपग्रहांकडून येणाऱ्या संदेशांवरून मोबाइल आपली जागा ठरवितो आणि ठरावीक क्षणांनी घेतलेल्या या जागा जोडून अंतर काढतो.

या पद्धतीला मर्यादा आहेत. मोकळ्या आकाशाखाली मोबाइलने सांगितलेली जागा साधारणपणे पाच मीटरच्या परिघात बरोबर असते. दोन-तीन किलोमीटरच्या सरळ रस्त्यावर या चुकीचे काही वाटत नाही. मैदानावरील गोलात मात्र यंत्र वळणे छाटते किंवा रेघ वेडीवाकडी करते आणि प्रत्येक फेरीला थोडी थोडी चूक साचत जाते. झाडांच्या दाटीत आणि इमारतींच्या आडोशाला ती आणखी वाढते. म्हणून नियम सोपा ठेवावा. लांबच्या, संथ धावण्यासाठी अ‍ॅप चालेल. ४००, ८०० किंवा १६०० मीटरची वेळ लावायची असेल, तेव्हा मोजलेले अंतर आणि साधे स्टॉपवॉच हेच खरे.

आणखी एक बारकावा म्हणजे, काही अ‍ॅप्समध्ये एककाची निवड मैलावर असते. मैल म्हणजे १६०९ मीटरांहून किंचित अधिक. एक मैलाची वेळ ही सोळाशे मीटरची वेळ नव्हे. दोहोंत सव्वानऊ मीटरांचे, म्हणजे जवळजवळ दोन सेकंदांचे अंतर आहे. स्थापनेच्या वेळीच किलोमीटर निवडणे श्रेयस्कर.

वेगाची गणिते

भरतीची तयारी करणाऱ्यांमध्ये सर्वाधिक आढळणारी चूक म्हणजे रोज सकाळी जीव तोडून सोळाशे मीटर धावणे. काही आठवडे वेळ सुधारते, मग थांबते आणि नडगीचे किंवा गुडघ्याचे दुखणे सुरू होते. प्रशिक्षक मिळणे कठीण असलेल्या गावांत येथे संगणकीय गणकयंत्रांची खरी मदत होऊ शकते.

अमेरिकी प्रशिक्षक जॅक डॅनियल्स यांच्या पद्धतीवर आधारलेले 'व्हीडॉट' गणकयंत्र आणि ग्रेग मॅकमिलन यांचे गणकयंत्र ही दोन्ही इंटरनेटवर उपलब्ध आहेत. अलीकडच्या एका शर्यतीचे अंतर आणि वेळ भरली, की सरावाच्या प्रत्येक प्रकारासाठी योग्य वेग ती सांगतात. उदाहरणार्थ, १६०० मीटर ५ मिनिटे ३० सेकंदांत धावणाऱ्याचा शर्यतीतील वेग किलोमीटरला ३ मिनिटे २६ सेकंद असतो. पण त्याने आठवड्यातील बहुतेक दिवस किलोमीटरला पाच ते साडेपाच मिनिटांच्या आसपास, गप्पा मारता येतील अशा संथ गतीने धावावे, असे ही गणिते सुचवितात. वेगाचा सराव आठवड्यातून एक-दोनदाच, तोही तुकड्यांत. संथ धावण्याने हृदयाची आणि स्नायूंची क्षमता वाढते; वेगवान तुकड्यांनी ती धारदार होते. पहिल्यावाचून दुसरे टिकत नाही.

लक्ष्याचा वेग तुकड्यांत मांडून ठेवणेही उपयोगाचे असते. ५ मिनिटे १० सेकंद म्हणजे प्रत्येक ४०० मीटरला साडेसत्याहत्तर सेकंद. महिलांसाठी २ मिनिटे ५० सेकंद म्हणजे प्रत्येक ४०० मीटरला ८५ सेकंद. पहिली फेरी ६८ सेकंदांत मारून शेवटच्या फेरीत पाय जड होणारे उमेदवार प्रत्येक मैदानावर दिसतात. हा आकडा डोक्यात पक्का असेल, तर तो मोह आवरता येतो.

एका अंतरावरून दुसऱ्या अंतराचा अंदाज बांधणारे सूत्र पीटर रीगल या अमेरिकी अभियंत्याने १९७७ मध्ये मांडले आणि आजची अनेक गणकयंत्रे त्याच्याच आधारे चालतात. अंतर दुप्पट झाले, की वेळ दुपटीहून थोडी अधिक वाढते, हे त्याचे सार. या सूत्राने १६०० मीटरला साडेपाच मिनिटे घेणारा धावपटू ५ किलोमीटर सुमारे १८ मिनिटे २४ सेकंदांत धावू शकेल. राज्य राखीव पोलीस दलाच्या भरतीत ५ किलोमीटरची चाचणी असल्याने हा अंदाज कामाचा आहे. १० किलोमीटर ५० मिनिटांत धावणाऱ्याला अर्धमॅरेथॉनसाठी हे सूत्र सुमारे १ तास ५० मिनिटे दाखवते. अर्थात, हे आकडे त्या अंतराचा पुरेसा सराव झाला आहे असे गृहीत धरतात. सरावाविना सूत्र धावत नाही.

ज्यांनी अनेक वर्षांत धाव घेतलेली नाही, त्यांच्यासाठी 'काउच टू फाइव्ह के' हा नऊ आठवड्यांचा कार्यक्रम आहे. १९९६ मध्ये तयार झालेल्या या कार्यक्रमाचे अ‍ॅप ब्रिटनच्या सरकारी आरोग्य सेवेने विनामूल्य दिले आहे. एक मिनिट धावणे, दीड मिनिट चालणे अशा क्रमाने तो हळूहळू सलग अर्ध्या तासापर्यंत नेतो. मात्र चाळिशी उलटलेल्यांनी, तसेच मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी आधी डॉक्टरांना भेटावे. हे काम कोणतेही संकेतस्थळ करू शकत नाही.

निकालांची दप्तरे

इंटरनेटचा आणखी एक उपयोग प्रेरणेचा आहे, आणि तो घोषवाक्यांपेक्षा आकड्यांतून अधिक चांगला मिळतो. जागतिक अ‍ॅथलेटिक्स महासंघाच्या संकेतस्थळावर प्रत्येक आंतरराष्ट्रीय खेळाडूची स्पर्धांतील कामगिरी तारखेसह नोंदलेली असते. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचा अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात भरती झाला. ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये त्याने २०१८ मध्ये भुवनेश्वर येथे ८ मिनिटे २९.८० सेकंद अशी वेळ देऊन गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्यपदक, २०२३ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक आणि जुलै २०२४ मध्ये पॅरिस येथे ८ मिनिटे ९.९१ सेकंद असा हा प्रवास आहे. देशातील सर्वोत्तम धावपटूलाही वीस सेकंद कमी करायला सहा वर्षे लागली, हे त्या नोंदी सांगतात. दोन महिन्यांत अर्धा मिनिट कमी करून देण्याच्या जाहिराती वाचताना हे ध्यानात ठेवावे.

खुद्द परभणीची ज्योती गवते हिने २०१७ च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिला क्रमांक मिळविला आणि २०१९ मध्ये ती दुसरी आली. अशा शर्यतींचे निकाल आयोजकांच्या संकेतस्थळांवर शोधता येतात. शर्यतीत नाव नोंदविण्यापूर्वी मार्गाचे अंतर प्रमाणित आहे काय, हेही तपासावे. प्रमाणित मार्ग खास यंत्र बसविलेल्या सायकलीने मोजतात आणि तो कमी भरू नये म्हणून हजारास एक या प्रमाणात जादा ठेवतात, ४२.१९५ किलोमीटरला सुमारे ४२ मीटर. आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन संघटनेच्या, म्हणजे 'एम्स'च्या संकेतस्थळावर सदस्य शर्यतींची यादी असते.

ऊन, वीज आणि औषधे

परभणी जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. राज्यात २०२३ आणि २०२४ मध्ये भरतीच्या धावचाचणीनंतर उमेदवारांचे मृत्यू झाल्याच्या घटना घडल्या. उष्णता, अपुरी झोप, उपाशीपोटी केलेला प्रवास आणि आधीपासूनचा न कळलेला आजार यांतले कोणतेही कारण अशा वेळी जिवावर बेतू शकते. भारतीय हवामान विभागाच्या 'मौसम' संकेतस्थळावर जिल्हावार इशारे हिरव्या, पिवळ्या, नारिंगी आणि लाल रंगांत दिलेले असतात. उष्णतेचा इशारा असेल त्या दिवशी सूर्योदयापूर्वीच सराव आटोपावा किंवा विश्रांती घ्यावी. एप्रिल ते जून या काळातील वळवाच्या पावसात विजेचा धोका असतो. मराठवाड्यात दर वर्षी वीज पडून माणसे दगावतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने तयार केलेले 'दामिनी' अ‍ॅप आसपासच्या २० ते ४० किलोमीटर परिसरातील विजांची सूचना देते. मोकळ्या रानात धावणाऱ्याच्या मोबाइलवर ते असायलाच हवे.

धोका केवळ आकाशातून येत नाही. झटपट दम वाढविण्याच्या गोळ्या, इंजेक्शने आणि बिननावाच्या पावडरी यांचा मोह भरतीच्या दिवसांत वाढतो. स्टिरॉइड्स हृदय आणि यकृत यांना इजा करतात, स्पर्धात्मक धावपटूची कारकीर्द तर एका चाचणीत संपते. जागतिक उत्तेजकद्रव्यविरोधी संस्थेची प्रतिबंधित द्रव्यांची यादी दर वर्षी १ जानेवारीपासून नव्याने लागू होते आणि ती तिच्या संकेतस्थळावर वाचता येते. आपल्या देशातील राष्ट्रीय संस्थेने, म्हणजे 'नाडा'ने २०२४ मध्ये 'नो युवर मेडिसिन' हे अ‍ॅप आणले. औषधाचे नाव टाकले, की त्यात प्रतिबंधित घटक आहे काय, ते कळते. सर्दीच्या साध्या गोळीतही असा घटक असू शकतो.

नोंदी आपल्या, नकाशाही आपला

मोफत मिळणाऱ्या सेवेची किंमत बहुधा माहितीच्या रूपाने चुकवावी लागते. जानेवारी २०१८ मध्ये स्ट्राव्हाच्या जागतिक नकाशावर धावपटूंच्या मार्गांवरून अनेक देशांचे लष्करी तळ ओळखता येतात, हे उघड झाले आणि मोठी खळबळ माजली. सेलूतील एखाद्या मुलीच्या बाबतीत प्रश्न वेगळा, पण तितकाच गंभीर आहे. ती रोज कोणत्या वेळी, कोणत्या रस्त्याने, कोणत्या घरातून निघते, हे अनोळखी माणसाला घरबसल्या दिसता कामा नये. अ‍ॅपमधील खासगीपणाच्या पर्यायात जाऊन नोंदी फक्त स्वतःपुरत्या किंवा ओळखीच्यांपुरत्या ठेवाव्यात; मार्गाचा प्रारंभ आणि शेवट लपविण्याची सोय वापरावी. उलटपक्षी, अंधारात धावताना व्हॉट्सअ‍ॅपवरून आपले चालू ठिकाण आईवडिलांना किंवा भावाला पाठविणे सुरक्षिततेचे ठरते. संकटात ११२ हा क्रमांक लक्षात असावा. कानात गाणी लावून रस्त्यावर धावू नये; उसाची ट्रॉली किंवा मालमोटार मागून आली, तर ते अ‍ॅप सांगणार नाही.

नोंदींविषयी शेवटची सूचना. एकेकाळी लोकप्रिय असलेली 'एंडोमोंडो' ही सेवा २०२० च्या अखेरीस बंद झाली आणि ज्यांनी आपली माहिती उतरवून घेतली नव्हती, त्यांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी गेल्या. म्हणून तारीख, अंतर, वेळ, झोप आणि दुखणे एवढे पाच रकाने एका साध्या वहीतही लिहावेत. वहीला ना चार्जिंग लागते, ना नेटवर्क.

या साऱ्या साधनांपैकी एकच निवडायचे झाले, तर ते अंतर मोजण्याचे निवडावे. सुटीच्या दिवशी चार मित्रांनी एकत्र बसून नकाशावर सोळाशे मीटर मोजावेत, टेपने पडताळावेत आणि रस्त्याकडेच्या मोरीवर पांढऱ्या रंगाने खूण करावी. त्या खुणेवर पुढची अनेक वर्षे अनेक मुले-मुली आपली वेळ लावतील. भरतीच्या मैदानावर उभे राहताना आपली वेळ खरी आहे, एवढा तरी भरवसा त्यांच्या पाठीशी असेल. बाकीचे पायांनाच करावे लागते.